अपकाराचें शल्य आणि दूरचा वैद्य

शरीराच्या व्याधीसाठीं मनुष्य वैद्याकडे उघडपणें जातो. परंतु ज्या भावानें वडिलांच्या अखेरच्या आजारांत घर आपल्या नांवावर करून घेतलें, ज्या सासूनें बाळंतपणांतून उठलेल्या सुनेला पोटभर जेवूं घातलें नाहीं, ज्या मित्रानें विश्वासानें सांगितलेली गोष्ट चारचौघांत फोडली, त्याच्याविषयींचा राग वीस वर्षें लोटलीं तरी मनांतून जात नाहीं, हें सांगावयास मात्र त्याला कोणी सांपडत नाहीं. घरांत सांगावें तर घर त्या भावाचें आणि त्या सासूचेंही असतें. ज्येष्ठांना सांगावें तर ‘झालें गेलें गंगेला मिळालें’ एवढें म्हणून ते पानाचा डबा पुढें ओढतात. शेजारीं सांगावें तर ती गोष्ट दुसऱ्या दिवशीं आळीभर होते. म्हणून आज एखादी सुशिक्षित गृहिणी घरांतलीं माणसें निजल्यावर हातांतील फोनवर, क्षमा करण्याच्या कामीं साह्य करील असा मानसोपचारतज्ज्ञ शोधूं लागली, तर तिला नांवें ठेवण्याचें कारण आम्हांस दिसत नाहीं. नांवें ठेवणारे मात्र पुष्कळ आहेत. ‘क्षमा ही अंतःकरणाची गोष्ट, ती पडद्यावर दिसणाऱ्या परक्या माणसाकडून, तासाचे पैसे मोजून, शिकावयाची असते काय?’ असें ते विचारतात. प्रश्न अगदींच टाकाऊ नाहीं. परंतु त्याच्या मुळाशीं एक समजूत आहे, ती अशी कीं हा सारा प्रकार कालपरवांचा आहे. ती समजूत चुकीची आहे. आणि ती चुकीची कशी हें पाहतां पाहतां दुसरी एक गोष्ट हातीं लागते, ती आम्हांस अधिक महत्त्वाची वाटते. या कामांत दूरत्व क्वचितच नडलें आहे. नडली आहे ती घाई.

मराठी वाचकाला या इतिहासाचा आरंभ शोधण्यासाठीं फार लांब जावें लागत नाहीं. मुक्ताबाईच्या नांवावर प्रसिद्ध असलेल्या ताटीच्या अभंगांची परंपरागत कथा आपल्या घराघरांत ठाऊक आहे. लोकांनीं केलेल्या अपमानानें विषण्ण झालेले ज्ञानेश्वर झोंपडीची ताटी लावून आंत बसले, आणि वयानें लहान असलेली बहीण बाहेर राहून त्यांची समजूत घालूं लागली. आपण ही कथा भक्तिभावानें ऐकतों आणि तेथेंच सोडतों. पण थोडें थांबून पाहिलें तर तींतला देखावा मोठा मार्मिक आहे. दुखावलेला आंत, समजाविणारी बाहेर, आणि मध्यें ताटी; तोंड दिसत नाहीं, आवाज मात्र पोंचतो. मुक्ताबाई ताटी ढकलून आंत शिरत नाहीं. अपमान झालाच नाहीं, असेंही ती म्हणत नाहीं. आणि तसें म्हणणें तिला शक्यही नव्हतें, कारण संन्याशाचीं पोरें म्हणून जो बहिष्कार भावाच्या वांट्याला आला तोच तिच्याही वांट्याला आला होता. शिवाय एकदां सांगून ती निघूनही जात नाहीं. एकामागून एक अभंग होत जातात आणि प्रत्येक अभंग नव्यानें आर्जव करतो. ताटी उघडावयाची ती आंतल्या माणसानें, हें ती पुरतें जाणून आहे. या कथेला ऐतिहासिक पुरावा किती, हा वाद येथें नको. आमच्या लोकांनीं ती शेंकडों वर्षें जपली, एवढें प्रस्तुत कामाला पुरे.

कथा सोडून लेखी पुराव्याकडे वळावयाचें तर भूमध्य समुद्राच्या कांठीं जावें लागतें. इसवी सनाच्या सहाव्या शतकाच्या पूर्वार्धांत गाझा शहरानजीक थावथा येथें सेरिडोस नांवाच्या मठाधिपतीचा एक ख्रिस्ती मठ होता. त्या मठाच्या आश्रयानें बार्सनूफिअस नांवाचा एक इजिप्शियन तपस्वी स्वतःस कोठडींत कोंडून घेऊन राहत असे. सेरिडोसखेरीज तो कोणासही भेटत नसे. ज्याला कांहीं विचारावयाचें असेल त्यानें तें लिहून द्यावें, सेरिडोसनें तें आंत न्यावें, वृद्धानें सांगावें आणि सेरिडोसनें उतरून घेऊन बाहेर आणावें, असा क्रम होता. पुढें योहान नांवाचा दुसरा एक वृद्ध याच रीतीनें राहूं लागला, आणि त्याचीं उत्तरें त्याच्या सेवेंत असलेल्या डोरोथिओस नांवाच्या तरुण साधूच्या हातून जात. या दोघांचीं मिळून सुमारें साडेआठशें पत्रें आज उपलब्ध आहेत. विचारणारांत साधू होते, धर्माधिकारी होते, आणि संसारी लोकही होते. शेजाऱ्याशीं कसें वागावें, चाकराशीं कसें वागावें, बंधु साधूनें बोललेला शब्द मनांतून जात नाहीं तेव्हां काय करावें, असल्या प्रश्नांचीं तीं उत्तरें आहेत. एकाच माणसानें पुनःपुन्हां विचारलेलीं पत्रें ओळीनें वाचलीं म्हणजे दिसतें कीं हा एका बैठकीचा उपदेश नव्हता. माणूस सांवरतो, पुन्हां घसरतो, पुन्हां चिठी पाठवितो; आणि आंतला वृद्ध न कंटाळतां पुन्हां उत्तर देतो.

या पत्रव्यवहाराची खरी फलश्रुति डोरोथिओसच्या लिखाणांत सांपडते. नऊ वर्षें योहानाची सेवा करून पुढें तो स्वतः गुरु झाला, आणि मनांत धरलेल्या वैराविषयीं त्यानें एक स्वतंत्र प्रवचन लिहून ठेवलें. त्यांत तो राग आणि आकस यांमध्यें बारीक भेद करतो. दुसऱ्याचा दुखविणारा शब्द ही आगीची नुसती ठिणगी. ती मनांत घोळवीत बसलें कीं धूर होतो, मग ज्वाळा, आणि ज्वाळा विझल्यावरही राहतो तो निखारा. एखादा मनुष्य दुसऱ्यापुढें वांकून क्षमा मागतो, दुसरा तोंडानें क्षमा करतो, तेव्हां राग गेलेला असतो. पण आकस गेलेला असतोच असें नाहीं. जखम बरी झाली तरी व्रणाची जागा दुबळी राहते आणि पुन्हां दगड लागला तर अंगाच्या इतर भागापेक्षां तीच लवकर फुटते, असा दृष्टांत तो देतो. चौदाशें वर्षांपूर्वींच्या या साधूनें जें सांगितलें त्यापेक्षां फारसें वेगळें आजचे तज्ज्ञ सांगत नाहींत, हें पुढें दिसेलच.

परंतु दूर राहून मनाचें ओझें उतरविण्याची ही रीत सर्वांना मान्य होती असें नाहीं. २० जून १६०२ रोजीं पोप आठवा क्लेमेंट याच्या कारकीर्दींत रोमहून एक निर्णय निघाला: गैरहजर असलेल्या धर्मगुरूला पत्रानें किंवा निरोप्यामार्फत पापांची कबुली द्यावी आणि त्याच गैरहजर धर्मगुरूकडून पापमुक्ति मिळवावी हें विधिसंमत आहे, असें कोणीही शिकवूं नये. स्पेनमधील प्रसिद्ध पंडित फ्रान्सिस्को स्वारेझ यानें त्यांतून वाट काढण्याचा प्रयत्न केला. कबुली पत्रानें आणि मुक्ति समक्ष, असें चालावें, असा त्याचा अर्थ होता. रोमनें तोही मानला नाहीं. गंमत अशी कीं तत्पूर्वीं पंचवीस वर्षें, १५७७ मध्यें, मिलानचा आर्चबिशप कार्लो बोर्रोमेओ यानें कबुलीसाठीं लांकडी कोठडी कशी बांधावी याचे नियम घालून दिले होते, आणि त्यांत सांगणारा व ऐकणारा यांच्यामध्यें जाळी असावी असें म्हटलें होतें. गोव्यांतील जुन्या चर्चांत अशीं कबुलीस्थानें ज्यांनीं पाहिलीं असतील त्यांच्या हें ध्यानीं येईल. तोंड दिसूं नये, पण माणूस तेथें असावा. जाळी चालेल, पत्र चालणार नाहीं. चारशें वर्षांनींही ही भूमिका बदललेली नाहीं. २००२ मध्यें व्हॅटिकननें इंटरनेटवर काढलेल्या निवेदनांत, इंटरनेटवर संस्कारविधि होत नाहींत, असें स्पष्ट म्हटलें आहे.

रोमच्या त्या निर्णयानंतर आठच वर्षांनीं, १६१० मध्यें, आग्र्याच्या जैन संघानें विजयसेनसूरींस एक लांबलचक चित्रित पत्र पाठविलें. त्यांतील चित्रें शालिवाहन या चित्रकारानें काढलेलीं आहेत. अशा पत्रांस विज्ञप्तिपत्र म्हणत. पर्युषणाच्या अखेरीस वर्षभरांत जाणतां अजाणतां घडलेल्या अपराधांची क्षमा मागावयाची आणि पुढील चातुर्मासासाठीं आचार्यांस आमंत्रण द्यावयाचें, अशी ही रीत होती. म्हणजे ज्या काळीं युरोपांत क्षमेच्या कामीं पत्र निषिद्ध ठरत होतें त्याच काळीं हिंदुस्थानांत क्षमायाचनेचें पत्र ही एक कला होऊन बसली होती. आज कोल्हापूर-सांगलीकडच्या जैन घरांतून तोच क्षमापनेचा संदेश फोनवरून एका दमांत दोनशें जणांना जातो. त्यांत पूर्वींच्या पत्राचा लांबट श्रम नाहीं, हें खरें. पण शालिवाहनाच्या काळींही कांहीं पत्रें केवळ रीत म्हणूनच जात असतील, असें मानण्यास हरकत नाहीं. मात्र क्षमा मागणें आणि क्षमा करणें या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हें येथें विसरून चालणार नाहीं. मागणाऱ्याला तिथि पुरते. करणाऱ्याला ती पुरत नाहीं.

आधुनिक मानसोपचाराच्या जन्मकाळींही टपाल होतेंच. फ्रॉइडनें १९०९ मध्यें प्रसिद्ध केलेल्या ‘लहानग्या हान्स’च्या प्रकरणांत उपचार केला तो मुलाच्या बापानें, आणि फ्रॉइडनें मार्ग दाखविला तो मुख्यतः बापाच्या टिपणांवरून. कलकत्त्यास १९२२ मध्यें हिंदी मनोविश्लेषण मंडळ स्थापन करणारे गिरींद्रशेखर बोस यांची आणि फ्रॉइडची गांठ कधींच पडली नाहीं; सारा संबंध पत्रांचा. आपल्याकडे र. धों. कर्वे यांचें ‘समाजस्वास्थ्य’ १९२७ पासून १९५३ पर्यंत चाललें, आणि घरांत उच्चारतां न येणारे प्रश्न वाचक त्यांस पत्रानें विचारीत. ज्याचें तोंड पाहिलें नाहीं अशा माणसापुढें मन उघडें करण्याची संवय महाराष्ट्रांतल्या सुशिक्षितांस त्या काळापासून आहे.

त्यानंतर टेलिफोन आला. लंडनमधील चॅड व्हारा या धर्मोपदेशकानें १९३५ मध्यें एका लहान मुलीचा अंत्यविधि केला होता. तिला पाळी आली आणि तो कांहीं घाणेरडा रोग असावा अशा समजुतीनें तिनें जीव दिला होता. विचारावयास कोणी नव्हतें, एवढेंच तिच्या मरणाचें कारण. ती आठवण मनांत ठेवून त्यानें २ नोव्हेंबर १९५३ रोजीं ‘समॅरिटन्स’ ही दूरध्वनिसेवा सुरू केली. भेटीस येणाऱ्यांची गर्दी वाढली तेव्हां वाट पाहणारांना चहा देण्यासाठीं कांहीं साधे स्वयंसेवक बसविले होते. व्हाराला असें आढळलें कीं या स्वयंसेवकांशीं बोलून झाल्यावर पुष्कळांना त्याच्याकडे यावेंसेंच वाटत नाहीं. ते उपदेश करीत नसत, हेंच त्याचें कारण. ठाण्याच्या मानसिक आरोग्य संस्थेपासून, जी १९९० मध्यें निघाली, मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेनें २०१२ मध्यें सुरू केलेल्या ‘आयकॉल’ सेवेपर्यंत आणि १० ऑक्टोबर २०२२ रोजीं केंद्र सरकारनें सुरू केलेल्या ‘टेलिमानस’पर्यंत, आपल्याकडील दूरध्वनीवरील साह्याची परंपरा त्याच वाटेनें आलेली आहे. ‘टेलिमानस’चा क्रमांक १४४१६ असून तेथें मराठींतही बोलतां येतें.

आतां क्षमेच्या शास्त्राकडे वळूं. आश्चर्याची गोष्ट ही कीं मानसशास्त्रानें या विषयाकडे फार उशिरां लक्ष दिलें. राग, भय, अपराधाची भावना यांवर ग्रंथांचे ढीग पडले. पण क्षमा हा धर्मोपदेशकांचा प्रांत म्हणून बाजूला राहिला होता. अमेरिकेंतील विस्कॉन्सिन विद्यापीठांत रॉबर्ट एनराइट यांनीं १९८५ पासून त्याचा पद्धतशीर अभ्यास आरंभिला. त्यांच्या विवेचनांतील पहिलीच गोष्ट आपल्या घरांत भिंतीवर लिहून ठेवण्यासारखी आहे, ती अशी कीं क्षमा म्हणजे अपकार बरोबर होता असें म्हणणें नव्हे, तो विसरणें नव्हे, आणि अपकार करणाऱ्याशीं पुन्हां संबंध जोडणें तर नव्हेच नव्हे. न्याय मागावा आणि क्षमाही करावी, यांत विरोध नाहीं. भावावर दिवाणींत दावा चालवीत असतांना मनांतून त्याच्याविषयींचें विष काढून टाकतां येतें. आपल्याकडे या दोन गोष्टींची गल्लत फार होते. ‘क्षमा कर’ असें म्हणणाऱ्याच्या मनांत बहुधा ‘दावा काढून घे’ किंवा ‘सासरीं परत जा’ हाच अर्थ असतो. आणि ऐकणारी स्त्री तो अर्थ ओळखते, म्हणूनच क्षमेच्या नांवानेंच तिला चीड येते. तिची चीड आम्हांस योग्य वाटते.

एनराइट यांच्या पद्धतींत आरंभ क्षमेनें होत नाहीं. तो होतो रागानें. काय घडलें, कोणीं केलें, त्यानें आयुष्यांतलें काय हिरावून नेलें, हें आधीं पुरतें बाहेर यावें लागतें. मग क्षमा करून पाहावी कीं नाहीं याचा विचार. त्यानंतर अपकार करणाऱ्याकडे, तो कोठून आला, कसा वाढला, या दृष्टीनें पाहण्याचा दीर्घ प्रयत्न. आणि अखेरीस आपल्या दुःखाला कांहीं अर्थ सांपडतो कीं काय याचा शोध. सुझन फ्रीडमन आणि एनराइट यांनीं १९९६ मध्यें एक प्रयोग प्रसिद्ध केला. लहानपणीं घरच्याच पुरुषाकडून अत्याचार सोसलेल्या १२ स्त्रिया त्यांत होत्या. प्रत्येकीबरोबर आठवड्यास एकदां, एकेकटीनें, तिच्या गतीनें काम झालें. आणि त्यास सरासरीनें सुमारें चौदा महिने लागले. उपचारानंतर त्यांचें नैराश्य आणि चिंता कमी झाल्याचें आढळलें. चौदा महिने, हा आंकडा वाचकांनीं ध्यानांत ठेवावा.

याच्या उलट प्रकारही करून पाहिला गेला. क्षमेचे फायदे समजावून सांगावयाचे आणि ‘आतां क्षमा करण्याचा निश्चय करा’ म्हणून एक-दोन बैठकींत मोकळें व्हावयाचें, असे कांहीं प्रयोग झाले. बास्किन आणि एनराइट यांनीं २००४ मध्यें तोंवर प्रसिद्ध झालेल्या ९ प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला. नुसत्या निश्चयावर उभारलेल्या उपायांचा परिणाम जवळजवळ शून्य आला. टप्प्याटप्प्यानें समुदायांत केलेल्या कामाचा परिणाम चांगला, आणि एकेकट्याबरोबर दीर्घकाळ केलेल्या कामाचा सर्वांत मोठा. पानाचा डबा पुढें ओढणाऱ्या आमच्या ज्येष्ठांच्या उपायाची ही शास्त्रीय परीक्षाच झाली, असें म्हणावयास हरकत नाहीं.

येथें प्रामाणिकपणें दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. एव्हरेट वर्दिंग्टन नांवाचे दुसरे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ याच विषयावर लिहीत असतां १९९६ च्या नववर्षाच्या वेळीं त्यांच्या वृद्ध आईचा घरांत शिरलेल्या चोराकडून खून झाला. त्यांनीं त्या खुन्यास क्षमा केली, आणि तीही पुष्कळ लवकर, असें त्यांनीं स्वतः लिहून ठेवलें आहे. पण आईचा मृतदेह प्रथम पाहणाऱ्या त्यांच्या भावानें पुढें २००५ मध्यें आत्महत्या केली, आणि त्या प्रसंगीं आपण कमी पडलों याबद्दल स्वतःला क्षमा करण्यास मात्र त्यांना फार दिवस लागले. म्हणजे एकाच माणसाच्या मनांत एक शल्य महिन्यांत निघतें, दुसरें वर्षानुवर्षें रुतून बसतें. वर्दिंग्टन यांच्या पद्धतीवर बेतलेली एक कार्यपुस्तिका कोलंबिया, हाँगकाँग, इंडोनेशिया, दक्षिण आफ्रिका आणि युक्रेन येथील ४,५९८ लोकांस देऊन घेतलेल्या परीक्षेचे निष्कर्ष २०२४ मध्यें प्रसिद्ध झाले. मार्गदर्शक कोणीही नाहीं, फक्त पुस्तिका, आणि काम सुमारें तीन तासांचें. तेवढ्यानेंही आकस कांहींसा कमी झाला आणि नैराश्य व चिंता थोडी उतरली. तेव्हां रोजच्या जीवनांतील दुखापतींस घरीं बसून करावयाचा अभ्यास पुरा पडतो, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. पण त्या बारा स्त्रियांना तीन तासांची पुस्तिका हातीं देणें आम्हांस उद्धटपणाचें वाटलें असतें.

आणि कोणाला क्षमा करावयाचीच नसेल तर? आउश्वित्झच्या छळछावणींतून वांचलेला लेखक जाँ आमेरी यानें १९६६ मध्यें, आपला रोष हीच आपली नीति आहे, काळ लोटला म्हणून गुन्हा पुसला जात नाहीं, असें निकरानें प्रतिपादिलें. शॅरन लॅम आणि जेफ्री मर्फी यांनीं २००२ मध्यें संपादिलेल्या ग्रंथांत मानसोपचारांतील क्षमेविषयीं सावधगिरीचे इशारे एकत्र केलेले आहेत. विशेषतः मारहाण सोसणाऱ्या स्त्रीला क्षमेचा मार्ग दाखविणें म्हणजे तिला पुन्हां त्याच घरांत ढकलणें होऊं शकतें, ही भीति खरी आहे. अपकार अजून चालू असेल तर आधीं तो थांबला पाहिजे. जो मार्गदर्शक पहिल्याच भेटींत क्षमेचा आग्रह धरतो, आणि छळ आजही चालू आहे काय हें विचारीत नाहीं, त्याच्याकडे दुसऱ्यांदा जाऊं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे. मग तो समोर बसलेला असो कीं पडद्यावर.

पडद्यावरचा मार्गदर्शक कसा अवतरला तें थोडक्यांत सांगतों. अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठांत १९८६ मध्यें विद्यार्थ्यांसाठीं संगणकावरून नांव न सांगतां प्रश्न विचारण्याची सोय झाली. १९९५ च्या सुमारास कांहीं मानसोपचारतज्ज्ञ मोबदला घेऊन ई-मेलनें दीर्घकाळ उपचार करूं लागले. नंतर चित्र आणि आवाज दोन्ही पोंचूं लागले, आणि २०२० च्या महासाथींत तर सारें जग एकदम पडद्यापुढें येऊन बसलें. २५ मार्च २०२० रोजीं भारत सरकारनें दूरवैद्यकाचे नियम प्रसिद्ध केले. जॉन सुलर यांनीं २००४ मध्यें दाखवून दिलें होतें कीं तोंड दिसत नसलें, किंवा समोरचा दूर असला, म्हणजे माणूस एरवीं न सांगण्याचें सांगून बसतो. गाझाच्या साधूंना हें निराळ्या शब्दांत ठाऊक असावें.

तरीपण एक अडचण नवी आहे, आणि तिचा विचार पुरेसा झालेला नाहीं असें आम्हांस वाटतें. पूर्वीं माणूस मन हलकें करण्यासाठीं घर सोडून जात असे. मठांत, चर्चांत, निदान टेलिफोनच्या खोलींत. आतां तो घरांतूनच बोलतो, आणि ज्याच्याविषयीं बोलावयाचें तो भिंतीपलीकडे निजलेला असतो. वैद्य शंभर कोस दूर, आणि अपकारी दहा पावलांवर. मुंबईच्या दोन खोल्यांच्या घरांत हा प्रश्न लहान नाहीं. म्हणून जाणता तज्ज्ञ आरंभींच विचारतो कीं आपण आतां कोठें आहां, एकट्या आहां काय, आणि कांहीं प्रसंग ओढवला तर जवळचें कोणास कळवावें. किती तरी स्त्रिया संध्याकाळीं बागेंतल्या बांकावर किंवा उभ्या केलेल्या मोटारींत बसून हें बोलणें करतात. त्यांत हसण्यासारखें कांहीं नाहीं.

भिंतीपलीकडच्या कानाइतकाच यंत्राच्या पोटांतला कान धोक्याचा आहे. फिनलंडमधील ‘वास्तामो’ या मानसोपचार संस्थेकडील सुमारें ३३,००० लोकांचीं टिपणें चोरीस गेलीं, आणि २०२० च्या ऑक्टोबरांत त्यांतील लोकांना एकेकट्यास धमक्या आल्या: पैसे द्या, नाहीं तर तुमच्या मनांतलें सारें जगजाहीर होईल. चोराला २०२४ मध्यें सहा वर्षांहून अधिक कैदेची शिक्षा झाली. अमेरिकेंत ‘बेटरहेल्प’ या मोठ्या व्यवसायसंस्थेवर, ग्राहकांची माहिती जाहिरातदार कंपन्यांस दिल्याच्या आरोपावरून २०२३ मध्यें व्यापार आयोगानें कारवाई केली, आणि तिला ७८ लाख डॉलर भरावे लागले. आपल्याकडे २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानें रुग्णाची गुप्तता हा त्याचा हक्क ठरविला आहे. शोधणारानें निदान एवढें पाहावें कीं सल्ला देणारा मानसरोगतज्ज्ञ असेल तर वैद्यक परिषदेंत, आणि चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ असेल तर १९९२ च्या कायद्यान्वयें निघालेल्या भारतीय पुनर्वास परिषदेंत, त्याचें नांव नोंदलेलें आहे कीं नाहीं. नोंदीनें माणूस दयाळू ठरत नाहीं. पण नोंद नसेल तर तक्रार कोणाकडे न्यावी हेंच कळत नाहीं.

शेवटची शंका सर्वांत जुनी आहे आणि सर्वांत नवीही. पलीकडे खरोखर कोणी आहे काय? जोसेफ वायझेनबॉम यांनीं १९६६ मध्यें ‘एलायझा’ नांवाची संगणकीय योजना प्रसिद्ध केली. ती रुग्णाचेंच वाक्य फिरवून प्रश्न करून त्याला परत देई, आणि तिच्यांत समजूत म्हणून कांहीं नव्हती. तरीही वायझेनबॉम यांची स्वतःची चिटणीस, जिनें ती योजना तयार होतांना पाहिली होती, तिच्याशीं बोलूं लागल्यावर त्यांना म्हणाली कीं आपण जरा खोलीबाहेर जातां का? २०२३ च्या जानेवारींत ‘कोको’ या अमेरिकन सेवेच्या संस्थापकानें सांगितलें कीं सुमारें ४,००० लोकांना गेलेले धीराचे संदेश यंत्राच्या मदतीनें लिहिलेले होते. ते संदेश लोकांना आवडत होते. ते यंत्राचे आहेत हें कळल्यावर मात्र त्यांचा गुण गेला. क्षमेच्या कामांत तर हें अधिकच खरें असावें. आपला अपमान दुसऱ्या माणसानें ऐकला, आणि ऐकून त्याला वाईट वाटलें, एवढ्यानेंच अर्धें शल्य हलतें. ज्याला कधीं कोणी दुखविलें नाहीं आणि ज्याला दुखवितां येतच नाहीं, त्याच्या साक्षीचा उपयोग किती?

सहाव्या शतकांतल्या त्या गाझाच्या मठांतही एका साधूला हीच शंका आली होती. बार्सनूफिअस म्हणून कोणी नाहींच, सेरिडोसच स्वतः उत्तरें रचतो आणि कोठडीतल्या वृद्धाचें नांव सांगतो, असें तो म्हणूं लागला. तेव्हां तो वृद्ध कोठडीचें दार उघडून बाहेर आला. त्यानें वाद घातला नाहीं. साऱ्या साधूंचे पाय त्यानें आपल्या हातांनीं धुतले, त्या शंका घेणाऱ्याचेही धुतले, आणि तो पुन्हां आंत गेला. त्यानंतर चिठ्या पूर्ववत् चालूं राहिल्या.